काळ्या मातीतील पलटणी

भोकरदन आणि जाफराबाद या दोन तालुक्यांच्या मुलखातून केळणा आणि जुई या लहान नद्या काही अंतर जवळजवळ समांतर वाहत जातात, मग एकमेकींस मिळतात आणि पुढे पूर्णेच्या पात्रात लीन होतात. या दोन प्रवाहांच्या मधल्या निमुळत्या भूभागावर, जुईच्या काठी, असई हे गाव वसलेले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच दुआबात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजेशी जनरल आर्थर वेलस्ली याची गाठ पडली. वेलस्लीजवळ सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य, म्हैसूरचे व पेशव्यांचे मिळून पाच हजारांच्या आसपास घोडेस्वार आणि १७ तोफा होत्या. समोर शिंद्यांच्या कंपूंतील कवायती पायदळच दहा हजारांहून अधिक होते आणि शंभरावर तोफा मांडलेल्या होत्या. दिवस मावळेपर्यंत वेलस्लीच्या बाजूची ४२८ माणसे ठार आणि ११३८ जखमी झाली, शिंद्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हाती गेल्या, आणि मराठी राज्याच्या उत्तरायुष्यातील एका मोठ्या पराभवाची नोंद इतिहासाच्या दप्तरी झाली.

दप्तरी नोंद झाली ती कागदावर. परंतु त्या दिवशी दुसरी एक नोंद जमिनीवर झाली आणि ती अद्याप पुरती वाचली गेलेली नाही. अंगावरचे लोकरी कापड पहिल्या काही पावसाळ्यांतच कुजून जाते, पट्ट्यांचे आणि जोड्यांचे चामडे त्यामागून जाते, हाडेही कालांतराने मातीत मिसळतात; उरतो तो धातू. वर्दीच्या गुंड्या, टोपीवरचे बिल्ले, छातीवर आडव्या पडणाऱ्या पट्ट्याच्या पितळी पाट्या, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, चापाच्या पट्टीचा एखादा गंजका तुकडा, एवढाच काय तो त्या सेनेचा अवशेष काळ्या मातीच्या पोटात राहतो. शेततळ्यासाठी खोदाई होते, मोसंबीच्या बागेसाठी खड्डे घेतले जातात, जुन्या नांगराला कधी लागला नव्हता तो थर ट्रॅक्टरचा फाळ उलथून टाकतो, आणि मातीच्या ढेकळाबरोबर पैशाएवढी एक काळपट चकती वर येते. ती चकती कोणाची, कोणत्या पलटणीची, कोणत्या सालची, हे सांगणे शक्य आहे काय? पुष्कळदा शक्य आहे, आणि ते सांगण्याची विद्या फारशी गूढही नाही. मात्र तिला लागणारा एक पुरावा असा आहे की तो वस्तू उचलणाराच देऊ शकतो, आणि नेमका तोच आपल्याकडे प्रत्येक वेळी हरवतो.

या प्रदेशातील लोकांस भूमिगत अवशेषांचे महत्त्व ठाऊक नाही, असे मुळीच नाही. असईपासून जवळच असलेल्या भोकरदन येथे १९७३ च्या सुमारास उत्खनन होऊन प्राचीन भोगवर्धनाचे सातवाहनकालीन वैभव उजेडात आले. तेथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी असलेले साधर्म्य विद्वानांत चर्चिले गेले. दोन सहस्र वर्षांपूर्वीची वस्तू म्हटली की आपला पुरातत्त्वप्रेमी समाज आदराने पुढे सरसावतो. परंतु दोनशे वर्षांपूर्वीची वस्तू हाती आली की तिला मोडीचा भाव लावतो. हा पंक्तिप्रपंच मला योग्य वाटत नाही. सातवाहनांच्या मण्यांवरून जसा व्यापाराचा मार्ग कळतो, तसाच शिपायाच्या गुंडीवरून त्याचा मार्ग कळू शकतो, आणि तो शिपाई तर आपल्या पणजोबांच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेला होता.

प्रथम हत्तीचा विचार करू, कारण असईचे नाव जगभर ज्या चिन्हामुळे गेले ते चिन्ह हत्ती हेच आहे. या लढाईत लढलेल्या इंग्लंडच्या राजाच्या तीन पलटणींना, म्हणजे १९ वी लाइट ड्रॅगून्स हा रिसाला आणि ७४ वी व ७८ वी या दोन स्कॉटिश पायदळ पलटणींना, गव्हर्नर जनरलने ३० ऑक्टोबर १८०३ च्या आज्ञेने सन्मानाची निशाणे बहाल केली. पुढे १८०७ मध्ये ‘असई’ या अक्षरांसह हत्तीचे चिन्ह धारण करण्याची राजाची परवानगी मिळाली. त्या दिवशी लढलेल्या मद्रासी देशी पलटणींनीही हाच हत्ती मिरवला. ७४ वी पलटण १८८१ मध्ये ७१ व्या पलटणीशी जोडली जाऊन ‘हायलँड लाइट इन्फन्ट्री’ झाली, तेव्हा नव्या पलटणीच्या टोपीच्या बिल्ल्यावर तो हत्ती आणि जालना जिल्ह्यातील या खेड्याचे नाव दोन्ही कायम राहिले. ७८ वी ‘सीफोर्थ हायलँडर्स’ मध्ये विलीन झाली, तेव्हा तिच्या गळपट्टीवरच्या चिन्हात हत्ती आला. आजही भारतीय सेनेतील मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर ढाल व दोन तलवारी यांवर उभा असलेला हत्ती आहे, तो असईचाच. आणि या रेजिमेंटचे केंद्र निलगिरीतील ज्या वेलिंग्टन गावी आहे, त्या गावाचे नाव असईच्या त्याच सेनापतीच्या पुढे मिळालेल्या पदवीवरून पडलेले आहे.

आता समजा, असईच्या शिवारात हत्तीची आकृती असलेली गुंडी मिळाली. पहिल्या आनंदात ती लढाईतीलच असली पाहिजे असे वाटणे साहजिक आहे. परंतु किंचित थांबून विचार केला तर उलट निर्णय करावा लागतो. ज्या शिपायाने २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा ओलांडली, त्याच्या अंगावर हत्ती असूच शकत नव्हता, कारण हत्ती त्याला त्या दिवसाच्या रणामुळे नंतर मिळाला. सबब ती गुंडी १८०७ च्या अलीकडचीच धरली पाहिजे: पुढे जालन्याच्या छावणीस असलेल्या एखाद्या मद्रासी पलटणीच्या शिपायाची, किंवा पूर्वजांचे रणक्षेत्र पाहावयास आलेल्या कोणा सैनिकाची. लढाईच्या दिवशी ७४ व्या पलटणीच्या साध्या शिपायाच्या कोटावर जी गुंडी होती, ती कथिल-शिशाच्या मिश्रधातूची, ओतीव, बोजड, आणि तिच्यावर केवळ ‘७४’ हा अंक असलेली असावयास हवी. दिसायला ती हत्तीच्या गुंडीहून कितीतरी सामान्य, आणि इतिहासाच्या दृष्टीने कितीतरी मोलाची.

असे निर्णय ज्या आधारांवर केले जातात, ते बहुतेक सरकारी हुकूमनाम्यांतून आलेले आहेत. ब्रिटिश पायदळाच्या गुंड्यांवर पलटणीचा क्रमांक घालावा असा हुकूम १७६७ मध्ये निघाला. तेव्हा क्रमांकाची गुंडी त्याआधीची नसते. साध्या शिपायांची कथिलमिश्र धातूची गुंडी १८५५ मध्ये नवा अंगरखा आला तेव्हा बंद होऊन पितळेची झाली. तेव्हा त्या धातूची क्रमांकित गुंडी १७६७ ते १८५५ या मुदतीत बसते. १८७१ मध्ये साध्या शिपायांच्या गुंड्यांवरील क्रमांकच काढून टाकून सर्व पलटणींना राजचिन्हाची एकच गुंडी लावण्यात आली. तेव्हा पितळेची क्रमांकित गुंडी १८५५ ते १८७१ या सोळा वर्षांत आटोपते. अंमलदारांचे मान निराळे: त्यांच्या गुंड्या पलटणीच्या जरीप्रमाणे रुपेरी किंवा सोनेरी असत, आणि १८३० मध्ये नियमित सेनेच्या सर्व अंमलदारांस सोनेरी जर लागू झाल्यावर रुपेरी गुंडी मिलिशियाकडे गेली. छातीवरील पट्ट्याची पितळी पाटी, जी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंबगोल असे आणि पुढे चौकोनी झाली, तीही १८५५ मध्ये पायदळातून गेली. कंपनी सरकारच्या बंदुकांच्या चापाच्या पट्टीवर १८०८ च्या सुमारापर्यंत कंपनीची हृदयाकृती व्यापारी खूण असे. त्यानंतर तिच्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह आला.

परंतु गुंडीचे तोंड जितके बोलते त्याहून अधिक तिची पाठ बोलते, आणि पाठ कोणी पाहत नाही. ओतीव गुंडीच्या पाठीवर साच्याची शीव दिसते, आणि कडी लोखंडाची असेल तर गंजून गेलेल्या तिच्या दोन टोकांचे तांबूस डाग तेवढे शिल्लक असतात. एकोणिसाव्या शतकात पत्र्याचे दोन भाग कडेने दुमडून केलेली पोकळ गुंडी प्रचारात आली. तिच्या पाठीवर कारखानदाराचे नाव व गाव गोलाकार उठवलेले असते. लंडनचे फर्मिन अँड सन्स किंवा जेनेन्स अँड कंपनी, बर्मिंगहॅमचे स्मिथ अँड राइट, यांसारख्या कारखान्यांनी आपली नावे, भागीदार व पत्ते वेळोवेळी बदलले, आणि ते बदल त्या त्या शहरांच्या व्यापारी सूच्यांत सालवार छापलेले असल्यामुळे पाठीवरचा पत्ता हा कित्येकदा तोंडावरच्या क्रमांकाहून नेमकी तारीख देतो. मुलाम्याच्या जाडीविषयी ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून इंग्लंडात १७९६ मध्ये गुंड्यांवरील कायदा झाला. ‘गिल्ट’, ‘ट्रेबल गिल्ट’ अशी अक्षरे पाठीवर येऊ लागली ती त्या काळात. बिल्ल्यांच्या बाबतीतही पाठ पाहावी: मागे दोन तारेच्या कड्या असतील तर तो बहुधा जुना, सरळ खाली उतरणारी पट्टी असेल तर विसाव्या शतकातला.

क्रमांकाच्या बाबतीत मात्र सावधगिरीची गरज आहे, आणि जालना जिल्ह्यापुरते सांगावयाचे तर ‘९४’ या एका आकड्यात तिचे सर्व कारण साठवलेले आहे. वेलस्लीच्या जोडीने दुसऱ्या वाटेने चाललेला कर्नल स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे दोघांची भेट होऊन पुढील मसलत ठरली. स्टीव्हन्सनच्या फौजेतील गोरी पलटण म्हणजे ‘स्कॉच ब्रिगेड’. आडगाव आणि गाविलगड येथे ती लढली. या पलटणीला ९४ हा क्रमांक मिळाला तो १८०२ च्या अखेरीस, आणि १८१८ मध्ये ती मोडण्यात आली. १८२३ मध्ये त्याच क्रमांकाची नवी पलटण स्कॉटलंडात उभी राहिली. पुढे १९०३ मध्ये लॉर्ड किचनरने हिंदी सेनेचे क्रमांक नव्याने लावले तेव्हा हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या फौजेच्या एका पलटणीस ‘९४ वी रसेल्स इन्फन्ट्री’ हे नाव मिळाले, आणि १९२२ मध्ये तो क्रमांकही गेला. म्हणजे एका आकड्यामागे तीन पलटणी आणि एकशे वीस वर्षे. त्यांतून निवड करावयाची ती धातू, घडण आणि जागा यांवरून: खांद्यावर लावावयाचा पितळी ‘९४’ हा अंक जालन्याच्या जुन्या छावणीच्या हद्दीत मिळाला तर तो बहुधा रसेलच्या पलटणीचा, आणि मुदत १९०३ ते १९२२. उलट कथिलमिश्र धातूची ‘९४’ ची गुंडी मिळाली तरी ती स्टीव्हन्सनच्या किल्ला घेणाऱ्या शिपायाची म्हणण्याची घाई करू नये. लंडनहून निघालेला हुकूम जहाजाने मद्रासेस येण्यास कित्येक महिने लागत, त्यानंतर नवा माल येई, आणि हाती असलेला जुना कपडा संपेपर्यंत वापरला जाई. हुकूमनाम्याची तारीख आपल्याला एवढेच सांगते की वस्तू त्याआधीची नाही. ती त्यानंतर किती काळाने मातीत पडली, हे मातीलाच विचारावे लागते.

मद्रासी पलटणींच्या क्रमांकांची हकीकतही अशीच. असईत लढलेल्या देशी पलटणींचे क्रमांक ‘दुसऱ्या रेजिमेंटची पहिली बटालियन’, ‘चौथ्या रेजिमेंटची पहिली बटालियन’ अशा जोडपद्धतीने होते. १८२४ मध्ये ही पद्धत मोडून प्रत्येक बटालियनीस स्वतंत्र क्रमांक मिळाला. १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांच्या सेना एक झाल्या. आणि १९०३ मध्ये मद्रासच्या जुन्या क्रमांकांत साठ मिळवण्यात आले, त्यामुळे ‘४ थी मद्रास’ ती ‘६४ वी पायोनियर्स’ झाली. असईच्या मैदानावर ज्या शिपायांनी मराठी तोफांच्या तोंडी छाती दिली त्यांतील बहुसंख्य तमिळ, तेलुगू आणि मुसलमान शिपाई होते, ही गोष्ट गोऱ्या पलटणींच्या सन्मानाच्या गजरात मागे पडते. क्रमांकांची ही साखळी नीट लावली तर गुंडीवरून त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

आता मातीविषयी. मराठवाड्याची काळी कसदार जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेताला पडलेल्या भेगांत हात कोपरापर्यंत सहज जातो. वरच्या थरातील जड वस्तू या भेगांतून खाली घसरते, पाऊस पडला की भेग मिटते, आणि अशी शंभर-दोनशे वर्षे गेली म्हणजे १८०३ ची गोळी आणि १९४८ चा बिल्ला शेजारी शेजारी सापडू शकतात. म्हणून ‘अमुक फूट खोल मिळाले, म्हणजे इतके जुने’ हा हिशेब, जो गाळाच्या किंवा मुरमाड जमिनीत काही अंशी चालतो, तो येथे फसवतो. खोलीवर विसंबण्याऐवजी आडवी जागा पाहावी, म्हणजे वस्तू शिवारात नेमकी कोठे आणि कशाच्या शेजारी मिळाली ते पाहावे. भेगेतून वस्तू खाली जाते, एका शेतातून दुसऱ्या शेतात जात नाही.

वस्तू वर आल्यावर तिच्यावर जे अत्याचार होतात त्यांविषयी लिहिताना मन व्यथित होते. आपल्या घरी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने आणि राखेने लख्ख करण्याची रीत आहे, आणि सापडलेली चकतीही त्याच ममतेने घासली जाते. अंमलदाराच्या गुंडीवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की एकदा घासल्यावर तो गेलाच. त्यामागे पाठीवरची कारखानदाराची अक्षरे जातात. कथिलमिश्र गुंडीचा पृष्ठभाग तर पापुद्र्यासारखा सुटलेला असतो, आणि क्रमांक त्या पापुद्र्यावरच असतो. हिरवा लेप हा पितळेचे संरक्षण करणारा असतो. तो काढू नये. फिकट हिरवी भुकटी मात्र पुनःपुन्हा येत असेल तर मातीतील क्षार आत शिरून धातू खात आहेत असे समजावे आणि वस्तू कोरडी ठेवून जाणकाराच्या हवाली करावी. सुटी माती मऊ कुंचल्याने झाडावी, तिरपा उजेड पाडून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, व्यास मोजावा, वजन करावे. यापलीकडे घरी काही करू नये.

येथे एक खंत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ही सगळी विद्या ज्या वस्तूंवर उभी आहे त्या बहुतांशी एका बाजूच्या आहेत. मराठी घोडेस्वार, पेंढारी, बिनकवायती प्यादे यांचे अंगरखे आणि बाराबंद्या कापडी बंदांनी बांधल्या जात. त्यांच्या अंगावर गुंडी नव्हती, पलटणीचा क्रमांक नव्हता, आणि जे होते ते कापूस आणि चामडे होते. शिंद्यांच्या कंपूंना हॅनोव्हरच्या अँथनी पोहलमनसारख्या युरोपीय सरदारांनी कवायत शिकवली होती, शेजारी बेगम समरूच्या पलटणी होत्या. परंतु त्यांच्या वर्दीचा सालवार छापील हुकूमनामा इंग्रजांच्या धर्तीवर आपल्या हाती नाही. वेलस्लीने आपल्या खलित्यात मराठ्यांचे बाराशे लोक रणात पडल्याचा अंदाज नोंदवला आहे. त्या बाराशेंना शोधावयाचे तर बिल्ला उपयोगी नाही. गोळी उपयोगी आहे. इंग्रजी बंदुकीची शिशाची गोळी साडेसतरा मिलीमीटरांच्या आसपासची आणि पुष्कळशी एकसारखी. तोड्याच्या बंदुकीची गोळी नळीगणिक निराळी. कोणत्या मापाची गोळी कोठे थांबली यावरून ती कोणी कोणावर झाडली हे उमगते, आणि जो गोळी झेलून पडला त्याची जागा त्याच्या अंगावर गुंडी नसतानाही सापडते. म्हणूनच, चिन्ह आणि बिल्ले यांच्या मोहापायी गोळ्या फेकून देणारा हौशी संग्राहक मराठी इतिहासाचे नुकसान करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

असईहून जालन्यास आले की मातीतले साहित्य बदलते. येथे रण एका दिवसाचे नव्हते, छावणी जवळजवळ शतकभराची होती. निजामाच्या संरक्षणार्थ ठेवलेल्या तैनाती फौजेचा एक मोठा तळ जालन्यास असे. १८१७ मध्ये नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचा इंग्रजांशी बिघाड झाला तेव्हा येथल्या फौजेनिशी इंग्रज सेनापती डव्हटन डिसेंबरच्या मध्यास नागपुरी थडकला. दुसरीकडे, हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने उभारलेल्या पलटणी वाढत गेल्या, आणि १८५३ च्या तहानंतर त्यांस ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नाव पडले. तिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आले, हे सर्वांस माहीत आहे. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सेनेत विलीन झाली, १९२२ मध्ये तिच्या पलटणी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आल्या, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. राणीखेतच्या कुमाऊंनी जवानाच्या टोपीवर हाती क्रूस घेतलेला जो अर्धा सिंह आहे, तो याच रसेल घराण्याच्या कुलचिन्हातून आलेला आहे. तेव्हा जालन्याच्या छावणीत मिळालेल्या सिंहाची ओळख पटवावयाची तर उत्तर कुमाऊंच्या डोंगरात मिळते, आणि असईच्या हत्तीची पटवावयाची तर निलगिरीत. ही दोन रेजिमेंट-केंद्रे आपल्या संशोधकांनी तीर्थासारखी गाठली पाहिजेत.

छावणीच्या मातीत अक्षरे आणि मुकुट यांचा फार उपयोग होतो. ‘व्ही. आर.’ ही राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे; तिने सम्राज्ञीपद घेतल्यावर, म्हणजे १८७७ पासून, त्यात ‘आय.’ हे तिसरे अक्षर मिळाले. मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर तो व्हिक्टोरियाच्या काळचा. वर गोल फुगलेल्या असतील तर १९०१ नंतरचा. परंतु या दुसऱ्या मुकुटाविषयी मराठवाड्याने एक गोष्ट ध्यानात ठेवलीच पाहिजे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपवण्यासाठी भारतीय सेना या जिल्ह्यातून गेली, तेव्हा भारत प्रजासत्ताक झालेला नव्हता. त्या जवानांच्या बिल्ल्यांवर आणि अंमलदारांच्या खांद्यांवर मुकुटच होता, आणि अशोकस्तंभाचे सिंह २६ जानेवारी १९५० पासून आले. मुकुटाचा बिल्ला सापडला की तो ‘इंग्रजांचा’ म्हणून झिडकारला जातो. पण तो मराठवाड्याच्या मुक्तीसाठी आलेल्या एखाद्या शीख किंवा गुरखा जवानाचाही असू शकेल.

या मुलखात आणखी एक वस्तू वारंवार मिळते, ती म्हणजे चपरास: पट्ट्यावर किंवा छातीवर लावावयाची पितळी पाटी, जिच्यावर खात्याचे नाव, शिपायाचा क्रमांक आणि कधी साल कोरलेले असते. निजामी अमलातील चपराशीवरची लिपी फारसी वळणाची, आणि साल वाचताना घोटाळा ठरलेला. १३१२ हा आकडा हिजरी सनाचा मानला तर १८९४-९५ येते. परंतु निजामाच्या कारभारात महसुली व्यवहार फसली सनाने चालत, आणि दख्खनी फसलीत ५९० मिळवले असता इसवी सन मिळतो, म्हणजे १९०२-०३. एवढ्या आठ वर्षांच्या फरकात कंटिंजंट असणे आणि नसणे येऊन जाते. पाटीवर खाते मुलकी असेल तर फसली सन आधी लावून पाहावा. ती चपरास लष्करी वर्दीचा भाग असेलच असे नाही. तलाठी-पाटलांकडे निरोप नेणारा, सारा गोळा करणारा, ठाण्याचा पहारा करणारा शिपाईही ती लावी, आणि रयतेला पलटणीपेक्षा या शिपायाची ओळख अधिक होती.

बाजाराविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ‘ईस्ट इंडिया कंपनी’ अशी ठसठशीत अक्षरे असलेल्या पितळी पाट्या आणि बिल्ले जुन्यासारखे भासवून हल्ली ओतले जातात. ठशावर दाबून काढलेल्या खऱ्या बिल्ल्याच्या कडा धारदार असतात आणि तोंडावरचा उठाव पाठीवर खोलगट दिसतो. ओतीव नकलेचा पृष्ठभाग रवाळ, बारीक रेषा बुजलेल्या, आणि धातू थंड होताना आक्रसल्यामुळे आकार मूळ वस्तूहून किंचित लहान. जालन्यात याशिवाय एक स्थानिक अडचण आहे. या शहराच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी देशभरातून आणि समुद्रापलीकडूनही भंगार येते. त्या ढिगांतून मिळालेला बिल्ला अस्सल असूनही या जिल्ह्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. भंगाराच्या वाटेने आलेल्या वस्तूस जालन्याच्या इतिहासाचा पुरावा म्हणून रुजू करून घेता येणार नाही.

कायद्याची बाजू पुष्कळांस ठाऊक नसते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास सापडणाराने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती परदेशी नेण्यास मनाई आहे. शेतकऱ्याला या कायद्यांचे भय वाटते, जमीन अडकेल अशी धास्ती वाटते, आणि मग वस्तू गुपचूप मोडीत जाते. हे भय घालवण्याचे काम महसूल आणि पुरातत्त्व या दोन खात्यांनी गावच्या चावडीवर येऊन केले पाहिजे; शहरातील सूचनाफलकाने ते होणार नाही.

रणक्षेत्र कसे वाचावे याचा वस्तुपाठ अमेरिकेत मोन्टाना प्रांती घालून दिला गेला आहे. लिटल बिगहॉर्न येथे १८७६ मध्ये कस्टरच्या रिसाल्याचा मूलनिवासी योद्ध्यांनी पराभव केला. १९८३ मध्ये वणव्याने तेथले गवत जळून गेल्यावर पुढील दोन वर्षे धातुशोधक यंत्रांनी सारे मैदान पाहण्यात आले, मिळालेली प्रत्येक गोळी व काडतुसाचे प्रत्येक टोपण नकाशावर जागच्या जागी मांडण्यात आले, आणि कोणती बंदूक कोठून कोठे सरकली हे इतके स्पष्ट झाले की ज्यांनी कागद लिहून ठेवले नव्हते त्या विजेत्यांच्या हालचालीही प्रथमच पुराव्याने उभ्या राहिल्या. असईला हे करता येईल, आणि त्यासाठी लागणारी एक सोय आपल्याकडे अमेरिकेहून चांगली आहे: प्रत्येक शेताचा गट क्रमांक सातबाऱ्यावर आहे. ‘अमुक गटात, पूर्वेच्या बांधापासून इतक्या पावलांवर, विहिरीच्या उत्तरेस’ एवढी एक ओळ तारखेसह वहीत लिहून ठेवली, वस्तूबरोबर तिचा कागद ठेवला, की अर्धे काम झाले.

कारण असईच्या लढाईतील एक मोठा प्रश्न जागेचा आहे. केळणेच्या उताराने पलीकडे येऊन वेलस्लीची रांग उभी राहिली तेव्हा उजव्या टोकाच्या पहाऱ्याच्या तुकड्या घेऊन निघालेला ऑरॉक गावाच्या तोफांपासून दूर राहावयाचे सोडून सरळ गावाच्याच रोखाने गेला, त्याच्यामागून ७४ वी पलटण गेली, आणि मोठ्या तोफखान्याच्या माऱ्यात सापडून ती इतकी मोडली की तिच्या परंपरेप्रमाणे क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँटवाचून हजर असलेला एकही अंमलदार मरणातून किंवा जखमेतून सुटला नाही. ती चुकीची वाट नेमकी कोठे फुटली, प्रेतांचा आडोसा करून उरलेल्यांनी चौकोन कोठे बांधला, मॅक्सवेलच्या रिसाल्याने कोणत्या बाजूने येऊन त्यांची सुटका केली आणि मराठी तोफांची दुसरी रांग जुईला पाठ टेकून कशी वळली, याविषयी नकाशे काढले गेले ते लिहिलेल्या वर्णनांवरून. ‘७४’ अंकाच्या गुंड्या, इंग्रजी मापाच्या गोळ्या आणि तोफांचे लोखंडी छरे यांच्या जागा गटवार मांडल्या, तर ती रेघ जुईच्या दक्षिणेस काही शेतांच्या अंतरात निश्चित करता येईल. आणि त्या रेघेच्या समोर, गावाच्या बाजूस, इंग्रजी गोळ्या जेथे दाटीने थांबलेल्या आढळतील, तेथे शिंद्यांच्या शिपायांची फळी उभी होती असे म्हणता येईल.